जास्तीचं मेण

साऊंडवाल्याने कानांवरचे हेडफोन काढून गळ्यात अडकवले आणि मनालीकडे बघत मान हलवली.

"मॅडम, राग मानू नका. तुमचा हात छान चालतो. पण गिटार घरघरतेय. माझ्या सिस्टिमवर ही घरघर दहापट मोठी होऊन बाहेर पडणार."

मनालीने तारांवर तळहात ठेवला. सूर थांबला. घरघर जराशी दबली, पण थांबली नाही.

"ही कित्येक वर्षं अशीच आहे," ती म्हणाली. "आम्ही अलोऱ्याच्या लायटीला दोष द्यायचो."

"तिकडची लाईट इथे रत्नागिरीत, नाचणे गावच्या समाजमंदिरात कशी येईल?" तो हसला. वाकून त्याने तारांखालची चकचकीत डबी न्याहाळली. "हा दोन कॉइलचा पिकअप आहे, तारांचा आवाज हाच उचलतो. एका कॉइलची घरघर दुसरी खाऊन टाकते, त्यासाठीच दोन असतात. आत काहीतरी गडबड आहे. उघडून बघा, नाहीतर नवीन बसवा."

"नवीन बिवीन काही नाही," मागच्या खुर्चीवरून अभय म्हणाला. मनालीचा हा थोरला भाऊ. साठी झाली होती आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन त्याला चार महिने झाले होते. मांडीवर गाण्यांची जुनी वही उघडी होती. "तिकडे लोक ह्या गिटारीसाठी येणार. नवीन आवाज ऐकायला कोण येतंय?"

तिकडे म्हणजे अलोऱ्याला. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत एके काळी राहिलेल्या माणसांचा मेळावा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी ठरला होता. कोणीतरी मोबाईलवर ग्रुप काढला, बघता बघता तीनेकशे माणसं जमली, आणि सगळ्यांनी एकच मागणी लावून धरली: गमऱ्यांची गायन पार्टी उभी करा.

अभय आणि मनालीचे वडील काशीराम गमरे प्रकल्पात मदतनीस होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे तगरीचं झाड, मागे पावसाळाभर वाहणारा पऱ्या. पाळीचा भोंगा वाजला की सगळ्या कॉलनीत एकाच वेळी कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या. अभयचा आवाज खणखणीत होता. विहारात वंदनेला गाता गाता त्याने पार्टी काढली. पेटी, ढोलकी, खंजिरी आणि तो स्वतः. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, कुणाच्या घरभरणीचा कार्यक्रम, जिथे बोलावतील तिथे जायचं.

गिटार आली ती अठ्ठ्याऐंशी साली. मुंबईला एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान विकायला निघालं होतं, त्यातून गोदीत काम करणारे मामा ती उचलून घेऊन आले. लाल रंगाची, एका कडेला पोपडे निघालेली. वाजवायची कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मनाली तेव्हा पंधरा वर्षांची. एक फाटकं पुस्तक आणि रेडिओ, एवढ्यावर ती वर्षभरात वाजवायला शिकली. पांढऱ्या साडीवर गिटारचा पट्टा लावून ती स्टेजवर उभी राहिली की आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका पुढे सरकून बसायच्या. "ती बघ गो, गिटारवाली," असं एकमेकींना सांगायच्या. त्या दिवसांत मनालीला सगळ्यात जास्त आवडायची ती ही कुजबुज.

एकच खोड होती. स्पीकरचा आवाज वाढवला की गिटार शिट्टी मारायची. कान फाटतील अशी. आणि एक्क्याण्णव साल जन्मशताब्दीचं. चौदा एप्रिलला कॉलनीच्या मैदानावर कधी नव्हे एवढा मोठा कार्यक्रम होता, कर्णेही दुप्पट लागणार होते.

तेव्हा दीपक तांबे पुढे झाला. तो अभयचा वर्गमित्र, पार्टीत खंजिरी वाजवायचा. वसाहतीच्या वर्कशॉपमध्ये विजेच्या मोटारींना तार गुंडाळायचं काम शिकत होता, त्यामुळे तारेतलं त्याला कळतं असं सगळे धरून चालायचे. पिकअपमधल्या बारीक तारेची वेटोळी सैल झाली की ती थरथरतात आणि शिट्टी होते, पातळ मेण आत मुरवलं की ती जागच्या जागी बसतात, असं त्याने कुठेसं वाचलं होतं. मेण कुठून आणायचं? मनालीच्या आईने, येसूबाईने, डालड्याचा डबा काढून दिला. रविवारच्या वंदनेनंतर विहारात उरलेली मेणबत्त्यांची थोटकं ती त्या डब्यात साठवायची. "म्हणजे माझ्या मेणबत्त्या आता गाणार," म्हणून ती हसली होती.

दीपकने त्यांच्याच स्वयंपाकघरात स्टोव्हवर मेण वितळवलं. दुसऱ्या दिवशी गिटारने एकदाही शिट्टी मारली नाही. बारीक घरघर तेवढी सुरू झाली. ती लायनीची, असं दीपक म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं. आवाज मात्र बदलला होता. आधी जाड, गोल वाटायचा, आता पातळ आणि टोकदार झाला. पेटीच्या वरून, ढोलकीच्या वरून तो लांब जायचा. पुढच्या कार्यक्रमांत लोक त्या आवाजावरूनच ओळखायचे, गमऱ्यांची पार्टी आली. अभयने भर कार्यक्रमात दीपकला स्टेजवर बोलावून पेन देऊन त्याचा सत्कार केला.

आणि वर्ष व्हायच्या आत दीपकने पार्टी सोडली. कारण सांगितलं नाही. लोट्याला कंपनीत लागला, रस्त्यात भेटला तर मान खाली घालून जायचा. "कायम झाला ना, आता आम्ही कशाला आठवू," असं अभय म्हणायचा. पुढे नाव काढणंही त्याने सोडून दिलं. काही वर्षांनी मनालीचं लग्न झालं, पार्टी पांगली, क्वार्टर सोडावं लागलं. गिटार मनालीच्या कपाटावर राहिली.

*

मनाली गेली सव्वीस वर्षं रत्नागिरीतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तारांना सोल्डरिंगचे डाग देणं, मीटर लावणं, तुटलेली उपकरणं पुन्हा चालू करणं हे तिचं रोजचं काम. तरी या गिटारीचा पिकअप तिने कधी उघडला नव्हता. चाललंय ते बिघडवायचं कशाला, असं वाटायचं.

रविवारी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, म्हणजे स्क्रू हरवला तर दिसेल. तारा सैल करून काढल्या, पिकअप वर उचलला आणि मीटर लावला. काटा चार हजार ओहमवर थांबला.

"आठ हवेत," ती नवऱ्याला, नितेशला म्हणाली. तो निवृत्त मराठी शिक्षक. हातात चहाचा कप घेऊन समोर बसला होता.

"मग अर्धं काय झालं?"

"तेच बघायचंय."

डबीच्या कडेचे दोन डाग तिने सोल्डरिंग आयर्न तापवून सोडवले. झाकण हलेना. आत सगळं मेण घट्ट बसलं होतं. लेक पुण्याला जाताना मागे ठेवून गेली तो हेअर ड्रायर काढला, सगळ्यात कमी आचेवर ठेवला आणि वीतभर अंतरावरून झाकणावर फिरवायला लागली. वीस मोजायचे, थांबायचं, हात लावून बघायचं. चौथ्या वेळी झाकण सरकलं आणि तिच्या हातात आलं.

आत पिकअप दिसतच नव्हता. नुसता मेणाचा ठोकळा होता. पिवळट पांढरा, एका बाजूला निळी झाक. विहारात कोणीतरी निळ्या मेणबत्त्या आणायचं, ते तिला आठवलं.

"एवढं लागतं?" नितेशने विचारलं.

"नाही. ह्याच्या चौथा हिस्साही लागत नाही."

"मग गरम पाण्यात टाक. सगळं सुटून येईल."

"पाणी आत शिरलं तर संपलंच. आणि सगळं काढायचंच नाहीये. वेटोळ्यांत मुरलेलं आहे ते राहू दे, त्यानेच तार धरून ठेवलीय. वर साचलंय तेवढंच काढायचं."

"ते तुला कळणार कसं?"

"कॉइलवर काळी पट्टी गुंडाळलेली असते. ती दिसली की थांबायचं."

मेण वितळून थेंब जमला की ती जुन्या बनियनच्या तुकड्याने टिपून घेई. कोपऱ्यात अडकलेलं मेण बांबूच्या काडीने उकरी. लोखंडाचं काहीच आत घालायचं नाही, पिकअपमधला चुंबक ते ओढून घेतो आणि केसाहून बारीक तार एका ओरखड्यात तुटते. नितेश ड्रायर धरून उभा राहिला. तो जवळ आणायला लागला की ती नुसतं "मास्तर" म्हणे, आणि तो हात मागे घेई.

मेण तापलं तसा वास सुटला. आधी मेणबत्तीचा, मग त्याच्या तळाशी उदबत्तीचा. एका थेंबात वातीचा काळा तुकडा आला. मनालीचा हात थांबला. रविवारची सकाळ, विहाराची शेणाने सारवलेली जमीन, आणि मेणाचे गळलेले ठिपके सुरीने अलगद खरवडून पदरात गोळा करणारी आई. येसूबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिच्या हातचं असं काही घरात उरलं असेल, हे मनालीच्या ध्यानीमनी नव्हतं.

"काय झालं?" नितेशने विचारलं.

"आयच्या मेणबत्त्या," ती म्हणाली. ड्रायर बंद करून त्याने तिच्यासाठी पाणी आणलं.

दोन तासांनी एका कॉइलची काळी पट्टी स्वच्छ दिसायला लागली. दुसऱ्या बाजूचं मेण जास्त जाड होतं. ते उतरलं आणि मनाली पुढे वाकली. त्या कॉइलची प्लास्टिकची फ्रेम एका टोकाला वितळून खाली बसली होती. तिच्यातून निघणारी तार तुटलेली होती, आणि दोन्ही टोकं नीट दुमडून पट्टीखाली दाबून ठेवली होती. पहिल्या कॉइलपासून थेट बाहेरच्या वायरीपर्यंत एक जाड तार टाकून मोडकी कॉइल बाजूला काढली होती. डाग सुबक होता, टोकाला आकड्यासारखं वळण. असं वळण दीपक द्यायचा.

"घाईत केलेलं नाही हे," ती हळूच म्हणाली. "ठरवून केलंय. आणि दिसू नये म्हणून वर एवढं ओतलंय."

म्हणजे एक्क्याण्णवपासून ती एकाच कॉइलवर वाजवत होती. ज्या पातळ, टोकदार आवाजाला लोक गमऱ्यांची गिटार म्हणायचे, तो अर्ध्या पिकअपचा आवाज होता.

*

तिने अभयला लगेच सांगितलं नाही. आधी दीपकला भेटायचं ठरवलं. तो आता गुहागरला असतो, पंप आणि पंखे गुंडाळून देतो, एवढं ग्रुपवरून तिला कळलं. पुढच्या रविवारी पहाटेच तिने स्कूटर काढली, जयगडला फेरीबोटीत चढवली आणि पलीकडे तवसाळला उतरून गुहागर गाठलं. पिकअप एका प्लास्टिकच्या डब्यात कापसावर ठेवला होता.

दीपकचं घर नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या पाखाडीच्या कडेला होतं. पुढच्या पडवीत वाडीवाल्यांचे चारपाच पंप उघडे पडले होते. डोक्यावरचे केस गेलेला, जाड चष्म्याचा माणूस तांब्याची तार मोजत बसला होता. तिला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला.

"जय भीम, दीपकदादा. मी मनाली."

"जय भीम," तो उठून उभा राहिला. "काशीरामकाकांची मनाली? बस गो. मालन, कोण आलंय बघ!"

त्याची बायको मालन दारात आली. मनालीने डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला. त्याने चष्मा वर सरकवला, आत बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिला.

"उघडलंस शेवटी," तो म्हणाला.

"उघडायला लागलं."

"पातेलं थेट स्टोव्हवर ठेवलं होतं मी," त्याने आपणहून सुरुवात केली. "पाण्यात ठेवायला हवं होतं, मला कुठे माहीत. तुझी आय चहा घेऊन आली, तिच्याशी बोलत बसलो. बघतो तर एका अंगाचं प्लास्टिक बसलेलं. घाबरून उचलायला गेलो आणि तार तुटली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. शताब्दीचा. सांगितलं असतं तर गिटारच नव्हती स्टेजवर. म्हटलं, एक कॉइल चांगली आहे, तिच्यावर चालवू. नंतर सांगू."

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"नंतर तुम्ही पेन दिलंत ना मला." तो हसायला गेला, पण त्याला जमलं नाही. "सगळी कॉलनी टाळ्या वाजवत होती. माझी आय पहिल्या रांगेत. कसा सांगू? आणि अभय जाईल तिथे सांगायचा, आमच्या दीपकने गिटार बरी केली. चिपळूणला एका ऑर्केस्ट्रावाल्याने घरघर ऐकलीन. म्हणाला, उघडून बघूया. मी आडवा आलो. मेणात बसवलंय, उघडलंत तर तुटेल, म्हटलं. त्या रात्री मला झोप नाय. पुढच्या कार्यक्रमाला गेलोच नाय मी."

"एवढ्यासाठी पार्टी सोडलीस?"

"तेव्हा ते एवढंसं वाटत नव्हतं."

मालन चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "मला तर लग्न झाल्या झाल्या सांगितलान. मी गिटार मोडलीय, म्हणे. मी म्हटलं, कोणाची एवढी गिटार? तुमच्या घरचे सोडले तर सगळ्या गुहागराला माहीत असेल."

मनालीला हसू फुटलं. मग दीपकही हसला, आणि हसता हसताच त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

"दादा, लोकांना तोच आवाज आठवतो," ती म्हणाली. "मोबाईलवर लिहितात, ती टोकदार गिटार अजून कानात आहे. तोच तो. तुझ्या एका कॉइलचा."

"तो माझ्या चुकीचा आवाज."

"असेल. वाजवला मी."

त्याने पिकअप अलगद उचलला आणि मोडक्या कॉइलवरून अंगठा फिरवला. "वरचं मेण काढायला किती वेळ लागला तुला?"

"दोन तास. मास्तर मदतीला होते."

"मी अर्ध्या तासात ओतलं होतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "चालत असेल तर ही दुसरी मी गुंडाळून देतो. इतकी बारीक तार माझ्याकडे नसते, पण हात अजून आहे."

"तार मी मागवते," मनाली म्हणाली. "आणि गुंडाळायला तू रत्नागिरीला यायचंस. अभयदादासमोर."

दीपकने पिकअप अलगद डब्यात परत ठेवला. मालनच म्हणाली, "येतील. मी घेऊन येते."

*

अभयला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो वही मिटून ऐकत राहिला.

"मी काय त्याला मारणार होतो?" शेवटी तो म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "शिव्या घातल्या असत्या. आठ दिवस बोललो नसतो. पण एवढी वर्षं नाही गं." तो उठला, खिडकीपाशी गेला. "त्याची आय गेली तेव्हा मी चिपळुणातच होतो, मनाली. कळलं होतं मला. गेलो नाही. म्हटलं, त्याला आमची गरज नाय तर आम्ही कशाला जावं? त्या माऊलीने पार्टीतल्या सगळ्यांना किती वेळा जेवायला घातलंय."

थोड्या वेळाने त्याने तिच्याकडे दीपकचा नंबर मागितला. फोनवर दोघे काय बोलले ते तिने ऐकलं नाही, कारण अभय फोन घेऊन बाहेर अंगणात गेला होता. आत आला तेव्हा फक्त म्हणाला, "शनिवारी येतोय. त्याला मोदकं आवडायची मुळ्याची, मिळतात का बघ."

"मुळ्याची मोदकं? ती भानोल्याची वडी, दादा, कोळंबीची. तू विसरलास."

"तेच ते," तो म्हणाला.

शनिवारी दीपक आणि मालन आले. दारात दोघे मित्र समोरासमोर उभे राहिले. अभय म्हणाला, "टक्कल पडलं की रे तुला." दीपक म्हणाला, "तुझं पोट बघ आधी." तेवढ्यावर भागलं. तासाभराने, जेवताना, मान वर न करता अभय म्हणाला, "काकींच्या वेळेला मी यायला हवं होतं." आणि दीपक म्हणाला, "होय. यायला हवं होतंस." त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही.

वितळलेली फ्रेम टाकून दीपकने तेवढ्याच मापाची नवी करून आणली होती. हाताने फिरवायचं ड्रिल टेबलाला आवळलं, जुन्या गुंडाळायच्या यंत्राचं मोजणीचं चक्र त्याला जोडलं. पाच हजार वेटोळी. दीपक बोटांच्या चिमटीतून तार सोडत होता, मनाली ड्रिल फिरवत होती, अभय आकडे वाचत होता. अकराशेला तार तुटली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी तीन हजारांवर अभयला शिंक आली, तो दचकला, टेबल हललं आणि तार पुन्हा तुटली. दीपकने त्याला अस्सल चिपळुणी शिवी हासडली. मालन आणि नितेश आतून बघायला आले. अभय इतका खूश झाला की पुढचा अर्धा तास तीच शिवी घोळवत बसला.

तिसऱ्या वेळी पाच हजार पूर्ण झाली तेव्हा दुपार कलली होती. मेणाचं पातेलं या वेळी पाण्यात ठेवलं, मनालीने थर्मामीटर धरला, पारा पासष्ट अंशांच्या पुढे जाऊ दिला नाही. पिकअप बाहेर काढल्यावर मेण ऊन असतानाच तिने सगळीकडून पुसून घेतलं. दोन्ही कॉइलच्या वायरी तिने वेगवेगळ्या बाहेर काढल्या आणि आवाजाच्या बटणाखाली एक खटका बसवला. बटण दाबलेलं असलं की दोन्ही कॉइल, ओढलं की एकच.

मीटरने आठ हजार दाखवले. गिटार लावली. घरघर अजिबात नाही. आवाज जाड, गोल, जसा मामांनी आणली तेव्हा होता तसा. अभय डोळे मिटून ऐकत होता.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण ही आपली नाय."

दीपकचा चेहरा उतरला. मनालीने बटण ओढलं आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. अभयने डोळे उघडले नाहीत, पण त्याचा हात मांडीवर ठेका धरायला लागला. मग दीपकने टेबलावरची स्टीलची ताटली उचलली आणि बोटांनी खंजिरीसारखी वाजवायला घेतली. तिघांनी सबंध गाणं म्हटलं. नितेशने दार लावून घेतलं, शेजारी नको यायला म्हणून, तरी दोघं आलेच.

*

मेळाव्याला सहाशेच्या वर माणसं आली. वसाहतीतली बरीचशी क्वार्टर्स आता रिकामी होती. पत्रे गेलेले, दारांत घाणेरी उगवलेली. पण मैदान तेच होतं. कोणीतरी जुना हजेरीचा तक्ता छापून आणला होता, लोक त्यावर आपल्या वडिलांची नावं शोधत होते. साऊंडवाल्याने गिटार ऐकून अंगठा वर केला.

पार्टी दीड तास गायली. बहुतेक गाणी मनालीने दोन्ही कॉइलवर वाजवली. मधल्या एका गाण्याला अभयने मागे वळून भुवई उडवली, तसं तिने बटण ओढलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि शेजारणीचा दंड धरून काहीतरी सांगायला लागली. दीपकने खंजिरी वाजवली. त्याचा ठेका दोनदा चुकला, अभयने दोन्ही वेळा सांभाळून घेतलं. शेवटी दीपकने स्वतःहून माईक मागितला आणि एक्क्याण्णव सालची हकीकत जशी घडली तशी सांगून टाकली. लोकांना ती गंमतच वाटली. टाळ्या पडल्या. दीपक स्टेजवरून उतरून खुर्चीवर बसला. मालनने त्याला पाणी दिलं.

जेवणाआधी मनाली, अभय आणि दीपक जुनं क्वार्टर बघायला निघाले. दारांवरचे आकडे पुसले गेले होते. रस्त्याकडून चौथं की पाचवं, यावरून अभय आणि दीपकचं वाजलं.

"चौथं. माझं घर मला माहीत नाय?"

"पाचवं रे. मी रोज खिडकीतून हाक मारायचो. खिडकी डोंगराकडे होती."

"सगळ्याच खिडक्या डोंगराकडे आहेत!"

मनाली दोन्ही क्वार्टर्समध्ये डोकावून आली. दोन्हीकडे सारखीच ओल, सारखंच रान. तिला स्वतःला चौथं वाटत होतं, पण खात्री नव्हती. मैदानावरून जेवणाच्या पंगतीची हाक आली. ते दोघे अजून पावलं मोजत होते, एक या टोकाकडून, एक त्या टोकाकडून. "मी जाते पुढे," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तशी ती एकटीच उतारावरून खाली चालायला लागली. मागून बराच वेळ त्यांचे आवाज येत राहिले.